एमबीए सीईटीला ७१ पर्सेंटाइल, चार वर्षं दूध संघात नोकरी: एजंट म्हणतो ती सीट घेऊ का?

सकाळपाळी

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

मी वाळवा तालुक्यातली, वय २६. शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. केलं, २०२० साली, म्हणजे कोविडच्या वर्षी, ६३ टक्के. दहावीला ८४ होते, बारावीला ७१. गेली चार वर्षं इथल्या एका दूध संघात हिशेब विभागात आहे. यंदा, २०२५ ची, एमबीए सीईटी दिली. ७१.४ पर्सेंटाइल आले.

निकाल लागला त्या दिवशी घरात कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शंभरात एकाहत्तर म्हणजे बरे की गं." पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातली एकोणतीस पोरं माझ्या पुढं आहेत, हे तिला समजावताना मला रडू आवरेना.

चार दिवसांनी पुण्याहून एका माणसाचा फोन आला. माझे मार्क त्याला आधीच माहीत होते, कसे ते देव जाणे. म्हणाला, "७१ वर पुण्यात कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांतून, काही हाती लागणार नाही. मॅनेजमेंट कोट्यातली एक सीट धरून ठेवतो. फी वेगळी आणि वर तीन लाख. त्यातले पन्नास हजार या शनिवारपर्यंत." कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. माहितीपत्रक पाठवलंय, इमारत काचेची आहे.

वडिलांचा तीन एकर ऊस आहे. ते काही बोलत नाहीत, पण आईनं पाटल्या काढून देवघरातल्या डब्यात ठेवल्यात. रोज सकाळी दिवा लावताना मला तो डबा दिसतो.

मला विचारायचंय ते असं. इतक्या कमी स्कोअरवर धडाचं कॉलेज मिळतं का? मॅनेजमेंटची सीट घेतली तर पुढे नोकरीत कुणी विचारतं का? की वर्षभर थांबून परत परीक्षा द्यावी? लग्नाचं बघणंही सुरू आहे, त्यामुळे "वर्षभर थांबते" हे वाक्य घरात म्हणायला सोपं नाही. ओबीसीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी) आहे. नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, मार्चमध्ये संपलं.

अभ्यासिका_पुणे

अजिबात घेऊ नकोस ती सीट. सरळ ड्रॉप घे, पुण्यात ये, अभ्यासिका लाव, पुढच्या वर्षी ९५ पाड. मी पण पहिल्यांदा ६६ वर होतो. नोकरी करत करत हे होत नाही.

कृष्णाकाठ

ताई, मी कराडचा. तुमचं वाचून झोप लागली नाही म्हणून रात्री साडेअकराला लिहायला बसलोय.

२०१६ ला माझे ५८ होते. मलाही असाच फोन आला होता, असाच "शनिवारपर्यंत" म्हणून. शनिवार हा त्यांच्या धंद्याचा भाग आहे. माणसाला विचार करायला, चार जणांना विचारायला, कॉलेज बघून यायला वेळ मिळू नये म्हणून तो असतो. मी अडीच लाख रोख दिले. पावती मागितली तर म्हणाले, "सीटची कुठे पावती असते का?" तेव्हा मला कुणी सांगितलं नाही की महाराष्ट्रात अशी देणगी घेणं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुम्हाला मी सांगतोय.

ते कॉलेज कसं होतं, एवढंच सांगतो. माहितीपत्रकात ग्रंथालयाचा मोठा फोटो होता. प्रत्यक्षात गेलो तर काचेची चार कपाटं, चारही कुलूपबंद, आणि आतल्या पुस्तकांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. दोन वर्षांत ते निघालं नाही. वर्गात साठ जागा, बसायचो आम्ही चौतीस. मार्केटिंगचे सर तीन वेळा बदलले. कॅम्पसला आलेल्या दोन कंपन्यांनी विम्याच्या पॉलिसी विकायचं काम देऊ केलं, पगार टार्गेटवर.

सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज होतं. हप्ता ९,८०० चा. शेवटचा हप्ता २०२४ च्या फेब्रुवारीत फेडला. त्या वर्षांत बहिणीच्या लग्नाला मी काय दिलं ते मला लिहवत नाही.

आणि सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे माझ्याच बाकावरचा मुलगा कॅपमधून आला होता, माझ्यापेक्षा दोनच पर्सेंटाइल जास्त. त्याला ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) सवलतीत निम्मी ट्यूशन फी माफ. मला काहीच नाही, कारण मी कॅपमधून आलो नव्हतो. कॅपचा फॉर्म मी भरलाच नव्हता. एजंट म्हणाला होता, भरून उपयोग नाही.

नोकरीत कुणी "मॅनेजमेंटची सीट होती का?" असं विचारत नाही. विचारतात ते "इंटर्नशिप कुठे केली, काय केलं?" तिथं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा आधी तिथं जाऊन या. गेटवर नको, बाहेरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी पाचला. दुसऱ्या वर्षाची मुलं तिथं असतात. त्यांना एकच विचारा, पहिल्या वर्षानंतर दोन महिने कुठे काम केलं. उत्तर दहा मिनिटांत कळतं. मी गेलो असतो तर मलाही कळलं असतं.

व्यवस्थापन_शिक्षिका

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एमबीए कॉलेजात पंधरा वर्षं शिकवते आणि दर वर्षी प्रवेशाच्या टेबलावर बसते. कृष्णाकाठ यांनी लिहिलेलं खोटं नाही, अशी मुलं आमच्यासमोर येतात. पैसे गेलेले असतात आणि वडील खुर्चीच्या टोकावर बसलेले असतात. मला त्या वडिलांकडे बघवत नाही.

आधी शुल्काचं सांगते, कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मुख्य अट अशी, प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. तीन लाख देऊन जी सीट घ्याल तिच्यासोबत ही सवलतही गमवाल. म्हणजे तोटा तीन लाखांचा नाही, तीन लाख आणि दोन वर्षांच्या फीचा आहे.

नॉन क्रिमिलेअरकडे उद्याच बघा. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध हवं. ते नसेल तर तुमची गणना खुल्या प्रवर्गात होते. मग प्रवर्गाची जागाही जाते आणि माफीही. दर वर्षी टेबलावर हा एकच कागद सगळ्यात जास्त रडवतो.

एजंटचं "काही मिळणार नाही" हे अर्धंच खरं आहे. मुंबईच्या जमनालाल बजाजला किंवा पुणे विद्यापीठाच्या पुम्बाला ७१ वर मिळणार नाही, तिथली स्पर्धा फार वरची. पण राज्यात तेवढीच कॉलेजं नाहीत. सीईटी सेलच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कट ऑफ कॉलेजवार, प्रवर्गवार दिलेले असतात. ती फाइल उघडा आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे एवढ्यांत ओबीसीच्या ओळी बघा. माणसाचं ऐकू नका, आकडा बघा. मंजूर फी किती, तेही शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजवार मिळतं. त्याच्या वरचा रुपया कुणी मागितला तर कशाचा ते लेखी विचारा.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, २०० पैकी किती प्रश्न सोडवले होते? लॉगिनमध्ये तुमची उत्तरं दिसली असतील. दोन, हिशेब विभागात आहात म्हणजे नेमकं काय करता?

सकाळपाळी

मॅडम, दादा, दोघांचेही आभार. दादा, तुमचं लिहिलेलं मी वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते उठून गोठ्याकडे गेले. मग परत येऊन म्हणाले, "त्या कपाटाचं परत वाच."

मॅडम, मी आज बसून मोजले. १४७ सोडवले, ५३ कोरे. बरोबर ७९. तर्कशक्तीचे ७५ प्रश्न असतात, त्यातच माझा दीड तास गेला. आकृत्यांचे २५ शेवटाला ठेवले होते, त्यातले सहा जेमतेम बघितले. शेवटची सात-आठ मिनिटं मी नुसती स्क्रीनकडे बघत होते. येत नाही ते सोडायचं, चुकलं तर मार्क जातील, असं डोक्यात पक्कं बसलेलं. त्याआधी दोन वर्षं बँकेच्या परीक्षा देत होते, तिथं चुकलं की पाव मार्क कापतात. सीईटीत निगेटिव्ह नाही हे माहितीपत्रकात मी वाचलं होतं. हात मात्र उचलला नाही.

कामाचं सांगते. संघात दर दहा दिवसांनी दूध उत्पादकांचं बिल निघतं. संस्थांकडून फॅट, एसएनएफचे (दुधातल्या फॅट सोडून बाकी घन भागाचे) आकडे येतात, त्यावर दर लागतो, खाद्याची उचल वजा होते, बिल निघतं. ते मी बघते. २०२३ च्या उन्हाळ्यात बिलं काढताना लक्षात आलं की एका गाडीच्या मार्गावरच्या चार गावांची बिलं सारखी कमी होतायत. दर तोच, जनावरं तीच. नोंदवही काढून बघितली तर त्या गावांचं दूध आंबट म्हणून परत जात होतं. गाडी त्यांच्याकडे सर्वांत आधी जायची आणि मग तीन तास फिरत राहायची, कॅन उन्हात. मी साहेबांना कागदावर मांडून दाखवलं की हीच गाडी उलटी फिरवली तर ही चार गावं शेवटाला येतील आणि तिथून शीतकेंद्र चाळीस मिनिटांवर आहे. त्यांनी पंधरा दिवस करून बघू म्हटलं. ती गाडी अजून उलटीच फिरते. परत जाणारं दूध जवळजवळ थांबलं. एका मावशींनी मला घरी बोलावून खरवस दिला.

हे लिहायचं की नाही कळत नव्हतं, कारण परीक्षेशी याचा काही संबंध नाही.

व्यवस्थापन_शिक्षिका

संबंध आहे, आणि तोच तुम्हाला कुणी सांगितलेला नाही.

कॅपमध्ये मुलाखत नसते. गुणवत्ता यादी सीईटीच्या स्कोअरवर लागते. तुमची चार वर्षं, ती उलटी फिरवलेली गाडी, खरवस देणाऱ्या मावशी, यांतलं काहीही लिहायला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही. म्हणून कॅपमध्ये तुम्ही ७१.४ आहात, तेवढ्याच.

पण सगळीकडे असं नाही. पुण्यात गणेशखिंडीला वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था आहे, सगळे वॅमनिकॉम म्हणतात. तिथं कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. कॅट, सीमॅट यांसारख्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षांचा स्कोअर लागतो, पण पुढे मुलाखत असते. गुजरातेत आणंदला अमूलच्या कुरियन यांनी १९७९ साली उभी केलेली इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था आहे, तीच आता त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाली. तिथंही मुलाखत होते. दूध संघाचं दहा दिवसांचं बिल ज्या मुलीनं हातानं काढलंय ती त्या खोलीत बसली की समोरचे पेन खाली ठेवून ऐकतील. मी स्वतः मुलाखतीच्या पॅनेलवर बसलेली आहे. "नेतृत्वगुण" म्हणणारी पन्नास मुलं येतात, कॅन उन्हात होते म्हणणारं एखादंच येतं.

मात्र गैरसमज नको. मुलाखतीपर्यंत पोचायला स्कोअर लागतोच. कमी स्कोअर अनुभवानं भरून निघतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. अनुभवाचं वजन दारातून आत गेल्यावर पडतं. आणि तुमचा स्कोअर कमी का आला ते तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. ५३ कोरे प्रश्न नुसते डोळे मिटून भरले असते तरी दहाएक बरोबर आले असते. तुमच्या पट्ट्यात एकेका गुणावर शेकडो मुलं बसलेली असतात. हा बुद्धीचा दोष नाही, बँकेच्या परीक्षेनं हाताला लावलेली सवय आहे. कॅट आणि सीमॅटला मात्र पर्यायांतून निवडायचं उत्तर चुकलं की एक गुण जातो, तिथं ती सवय थोडी उपयोगाची. म्हणून प्रत्येक परीक्षेसाठी हात वेगळा बसवावा लागेल.

अभ्यासिकेवाल्यांना एक सांगते. नोकरी सोडून पुण्यात खोली घेणं सगळ्यांना जमत नाही, आणि या मुलीनं तर मुळीच सोडू नये. तिची नोकरी हाच तिचा अर्धा अर्ज आहे.

अभ्यासिका_पुणे

मॅडम, मान्य. मी नोकरीचं काय ते न विचारताच लिहिलं. ताई, पेपरचं एक सांगतो, ते तरी घ्या. आकृत्यांचे २५ आधी करा, ते पटपट सुटतात. मग भाषा, गणित, तर्कशक्ती शेवटी. आणि १४० व्या मिनिटाला पेन ठेवायचं, राहिलेल्या दहा मिनिटांत फक्त कोरे भरत जायचं. मी घड्याळाचा गजर लावून घरी पंधरा वेळा सराव केला, तेव्हा हात उचलला.

नोकरी_सांभाळून

थोडं वेगळं सांगते. मी दोन मुलं आणि नोकरी सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमबीए केलं. प्रवेशपरीक्षा लागत नाही, दोन ते चार वर्षांत पूर्ण करता येतं. बढतीसाठी मला ते पुरलं. नवी नोकरी शोधायची असेल, वर्गमित्र हवे असतील, तर नाही पुरत. घरातून "थांब" म्हणणारे असले तर हाही एक रस्ता आहे एवढंच.

सकाळपाळी

आठ दिवसांनी लिहितेय. लिहायचं राहिलं नव्हतं, पळापळ चालली होती.

मंगळवारी रजा टाकून वडिलांबरोबर त्या कॉलेजला गेले. टपरीवर चार मुलं भेटली. एकानं सांगितलं, इंटर्नशिपचं पत्र कॉलेजनंच कुठल्याशा ओळखीच्या दुकानातून आणून दिलं, तो दोन महिने गावी होता. वडिलांनी त्या मुलाच्या चहाचे पैसे दिले. येताना एसटीत कऱ्हाडपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोन कर त्याला, नको म्हणून सांग." मी सांगितलं. शनिवारी त्याचा परत फोन आला, दोन लाखांवर आला होता.

आईला तो डबा परत घे म्हटलं. तिनं पाटल्या घातल्या नाहीत, पण कपाटात ठेवल्या.

नॉन क्रिमिलेअरसाठी सेतूत अर्ज दिला. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, तीन वर्षांचा, तो आधी काढावा लागला. बाईंनी टोकन दिलंय, पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या. कॅपची नोंदणी केली, कागद स्कॅन करून चढवले. मागच्या वर्षीच्या यादीत सहा कॉलेजं माझ्या आसपास दिसली. त्यांतली दोन बघून आले. एक आवडलं, कोल्हापूरकडचं. ग्रंथालयात शिरले तर टेबलावर पुस्तकं उघडी पडलेली होती आणि एक मुलगी डोकं टेकून झोपली होती. दादा, मला तुमची कपाटं आठवली.

घरात ठरलंय ते असं. त्या दोनपैकी एक कॅपमधून मिळालं तर जायचं. नाही मिळालं तर नोकरी चालू ठेवून नोव्हेंबरला कॅट, मग सीमॅट, आणि वॅमनिकॉमला अर्ज. लग्नाचं वडील म्हणाले, मी बघतो.

मॅडम, एकच विचारायचंय. फॉर्मच्या पसंतीक्रमात ती दोनच टाकू की बाकीची चारही टाकू? शेजारचा मुलगा म्हणतो, जास्त टाकलेली बरी, रिकामं राहायला नको.

व्यवस्थापन_शिक्षिका

दोनच टाका. न बघितलेलं कॉलेज यादीत असलं की ते मिळूही शकतं, आणि मग घरातले म्हणतात मिळालंय तर जा. क्रम लावताना आवडलेलं कोल्हापूरचं वर ठेवा. पहिल्या पसंतीचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बदल करता येत नाही, त्यामुळे तिथं काय लिहिताय ते वडिलांना दाखवून मगच फॉर्म पक्का करा. आणि सेतूतलं टोकन हरवू नका. त्याचा फोटो काढून ठेवा, प्रमाणपत्राला उशीर झाला तर अर्ज केल्याची पावती जोडता येते का ते तुमच्या भागातल्या सुविधा केंद्रात जाऊन विचारा. नियम दर वर्षी थोडे बदलतात, माझ्या शब्दावर राहू नका.

कृष्णाकाठ

ताई, वडिलांना माझा नमस्कार सांगा. कोल्हापूरला प्रवेश झाला तर कळवा. माझी जुनी पुस्तकं आहेत, मार्केटिंग आणि कॉस्टिंगची, ती मी नंतर स्वतः विकत घेऊन वाचली. कऱ्हाड स्टँडवर आणून देतो.